भोगवटादार कोण?

गेल्या महिन्यात एरंडवण्यातल्या एका छोट्या सभागृहात चर्चेला गेलो होतो. युद्धग्रस्त देशांत काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची धोरणं कशी बदलावीत, आणि माणूस गेला तर जबाबदार कोणाला धरायचं, असा विषय होता. पुण्याला तो लांबचा नाही. लष्करातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेलेली माणसं इथे वानवडीपासून पाषाणपर्यंत भेटतात. १३ मे २०२४ ला गाझा पट्टीत रफाहजवळ संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला आणि त्यात एक निवृत्त भारतीय कर्नल गेले. रुजू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अंत्यसंस्कार पुण्यात झाले. नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. घरचे याच शहरात आहेत म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

चर्चा दीड तास चालली आणि वाईट चालली. एका बाजूला गणवेश उतरवलेली, पण ताठ बसणारी मंडळी होती. त्यांचं म्हणणं, धोरणं-बिरणं सगळे कागदी घोडे. रणांगणावर जायचं तर धोका आलाच, ज्याला जीव प्यारा आहे त्याने जाऊ नये. दुसऱ्या बाजूला सामाजिक संस्थांतली तरुण मुलं-मुली. त्यांचं म्हणणं, कोणाला तरी शिक्षा झाल्याशिवाय काही बदलायचं नाही. टाळ्या दोघांनाही पडल्या. हा 'कोणीतरी' नेमका कोण, एवढंच विचारायला मी हात वर केला, पण वेळ संपली होती. त्याच हॉलमध्ये साडेसातला भावगीतांचा कार्यक्रम होता आणि तबलेवाले दारात येऊन उभे होते.

मी आयुष्यभर भोसरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. बगदाद पाहिलेलं नाही, जिनिव्हाही नाही. पण 'सल्ला देणारा', 'निर्णय घेणारा' आणि 'मरणारा' ही तीन वेगळी माणसं असली की काय होतं, ते मी प्रेस शॉपमध्ये जवळून पाहिलंय. त्या बळावर सांगतो: या संघटनांची सुरक्षा धोरणं अपुरी आहेत ती पानांची संख्या कमी पडते म्हणून नाही. माणूस पाठवायचा निर्णय आणि त्याच्या सुरक्षेसाठीचा पैसा ज्याच्या हातात असतो, त्याच्या नावावर जबाबदारी लिहिलेली नसते, म्हणून ती अपुरी आहेत. धोरण सुधारायचं तर आधी ही एक ओळ सुधारा. बाकीची दोनशे पानं नंतर पाहू.

आमच्या क्षेत्रात ही ओळ कशी आली ते सांगतो, कारण ती फुकट आलेली नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात 'ऑक्युपायर' नावाचा एक माणूस होता. सरकारी मराठीत भोगवटादार. शॉप फ्लोअरवर सगळे ऑक्युपायरच म्हणत. कारखान्यातल्या माणसांच्या जिवाची अंतिम जबाबदारी त्याची. झालं असं, की मोठमोठ्या कंपन्या बोर्डाचा ठराव करून एखाद्या फॅक्टरी मॅनेजरलाच ऑक्युपायर नेमून टाकत. मशिनला गार्ड बसवायला पैसे मंजूर करणार मुंबईतलं बोर्ड, आणि कोर्टात उभा राहणार मॅनेजर. मग डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. १९८७ मध्ये कायदा बदलला: कंपनी असेल तर संचालकांपैकीच एक जण ऑक्युपायर. उद्योगांनी आरडाओरड केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९६ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. संचालकाला पिंपरीतल्या प्रत्येक नट-बोल्टची माहिती कशी असणार, हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता. माहिती नसेल तर करून घ्या, असा त्या निकालाचा साध्या भाषेतला अर्थ. तेव्हापासून आमच्या फायली वरच्या मजल्यावर वाचल्या जाऊ लागल्या. मी सेफ्टी ऑफिसर म्हणून अचानक हुशार झालो नव्हतो. साहेबांचं नाव फॉर्मवर आलं होतं, एवढंच.

आता संयुक्त राष्ट्रांकडे या. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कनाल हॉटेलवर ट्रक-बॉम्ब फुटला. तिथे संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय होतं. इराकमधले त्यांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण गेले. मार्टी अहतिसारी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी स्पष्ट शब्दांत लिहिलं, की संघटनेची सुरक्षा व्यवस्था मोडकळीला आली आहे. अमेरिकन सैन्याशी जवळीक दिसू नये म्हणून इमारतीभोवतीचे काही अडथळे संघटनेच्याच सांगण्यावरून काढले गेले होते. खिडक्यांच्या काचा फुटून उडू नयेत म्हणून त्यांवर फिल्म लावायचं ठरलं होतं. स्फोटाच्या दिवसापर्यंत ती लागलेली नव्हती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा या एका वाक्याशी थांबलो. काचेवरची फिल्म! क्षेपणास्त्रभेदी भिंत नव्हे, रणगाडा नव्हे. अशी मागणी कारखान्यात कशी फिरते ते मला ठाऊक आहे. कोटेशन मागवा, तीन मागवा, बजेट हेड कुठला, पुढच्या तिमाहीत टाका. कागद फिरत असतो तोवर काच तशीच असते.

त्यानंतर जबाबदारी निश्चित करायला आणखी एक समिती बसली आणि मार्च २००४ मध्ये निर्णय आले. सुरक्षा समन्वयक टुन म्याट यांना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. बगदादमधल्या प्रमुखांना पुढे सुरक्षेची जबाबदारी असलेलं पद द्यायचं नाही असं ठरलं. फिल्मच्या प्रकरणात प्रशासन आणि इमारत व्यवस्था पाहणाऱ्या दोघांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. आणि युद्धानंतर इराकमध्ये परत जायची शिफारस करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या गटाचं काय? त्याच्या प्रमुख, उपमहासचिव लुईस फ्रेशेट यांनी राजीनामा देऊ केला. महासचिव कोफी अन्नान यांनी तो स्वीकारला नाही. कारण? चूक त्या संपूर्ण गटाची, सामूहिक होती.

वर सामूहिक, खाली वैयक्तिक. चाळीस वर्षं मी याच वाक्याशी भांडत आलोय. खालच्या दोघांची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. हातातलं काम त्यांनी केलं नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. फ्रेशेट यांनी निदान राजीनामा देऊ केला, हेही मी त्यांच्या बाजूने मांडून ठेवतो. आपल्याकडे तेवढंही क्वचित घडतं. पण फिल्म न लावण्याची चूक मोजता येते आणि पुरेसा अंदाज न घेता माणसं परत पाठवण्याची चूक धुक्यात विरते, हा काही निसर्गनियम नाही. धोरण तसं लिहिलेलं असतं म्हणून तसं होतं.

२००५ च्या सुरुवातीला नवा सुरक्षा विभाग उभा राहिला. मग ११ डिसेंबर २००७ ला अल्जीरियाच्या राजधानीत, अल्जीअर्समध्ये, संघटनेच्या कार्यालयाबाहेर स्फोट झाला. संघटनेचे १७ कर्मचारी गेले, त्यातले बहुतेक अल्जीरियाचेच नागरिक. रस्त्यावर अडथळे उभारा म्हणून मागे लागलेला तिथला सुरक्षा सल्लागार त्याच स्फोटात मेला. लखदर ब्राहिमी यांची समिती बसली, तिच्या अहवालाच्या शीर्षकातच 'सुरक्षा आणि जबाबदारीची संस्कृती' हे शब्द आले, आणि २००८ मध्ये सुरक्षा विभागाचे प्रमुख डेव्हिड व्हेनेस यांनी जबाबदारी स्वीकारून पद सोडलं. म्हणजे दोन मोठ्या स्फोटांनंतर दोन्ही वेळा मुख्यालयातून गेला तो सुरक्षेचा माणूस. सल्ला देणारा. आमच्या नियमांत सेफ्टी ऑफिसरचं काम काय लिहिलेलं असतं माहीत आहे? व्यवस्थापनाला 'सल्ला देणे व साहाय्य करणे'. मशिन बंद करायचा अधिकार त्यात कुठेही नाही.

याच जागी माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी हे सगळं पुस्तकातून बोलतोय असं वाटेल. आमच्या प्रेस शॉपमध्ये दीडशे टनी प्रेस होती. तिला दोन हातांची बटणं. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येणार; त्यामुळे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, सापडायचा प्रश्न नाही. तिसऱ्या पाळीत पीस-रेट वाढवायला कोणीतरी डाव्या बटणात आगकाडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवायचं. मी तीन वेळा लिहून दिलं. तिसऱ्या पत्रावर शेरा आला: 'डिस्कस्ड'. कोणी, कोणाशी, काय, ते नाही. पुढच्या महिन्यात कंत्राटावरच्या एका पोराची दोन बोटं गेली. चौकशीत पहिला प्रश्न मला: सेफ्टीने मशिन बंद का नाही केलं? दुसरा त्या पोराला: काडी तू घातलीस का? त्या महिन्याचं टार्गेट कोणी वाढवलं होतं, हा प्रश्न प्रश्नावलीतच नव्हता. मीही तो विचारला नाही. घर चालवायचं होतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण ताठ बसणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात दम होता. त्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा: जबाबदारीचा बडगा दाखवला की अधिकारी घाबरतात. मग कोणी सही करत नाही. संघटना उंच भिंतींआड जाते, चिलखती गाड्यांतून फिरते, आणि ज्यांच्यासाठी आली त्यांच्यापासून तुटते. व्हिएरा द मेलो यांना लोकांसाठी दार उघडं ठेवणारं कार्यालय हवं होतं, आणि ती इच्छा चुकीची नव्हती. हे अगदी खरं आहे. भिंतींआडच्या मदतकार्याला लोक शत्रूचं ठाणं समजू लागतात आणि धोका वाढतो. ब्राहिमींच्या अहवालानंतर संघटनेने आपलं सूत्रच बदललं: 'कधी निघायचं' हा प्रश्न सोडून 'कसं थांबायचं' हा प्रश्न धरला. २०११ पासून धोक्याच्या सहा पातळ्या आल्या, आणि कोणतं काम किती महत्त्वाचं आहे हे ठरवून त्याप्रमाणे किती धोका पत्करायचा याची मोजपट्टी आली.

पण ही मोजपट्टी नीट पाहा. अतिशय धोक्याच्या ठिकाणी काम करायचं, तर ते जीव वाचवणारं किंवा तेवढ्याच तोलाचं असलं पाहिजे, आणि त्याला मुख्यालयातल्या अतिवरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी लागते. हे म्हणजे आमचं वर्क परमिट! उंचीवरचं काम, बंद टाकीतलं काम, वेल्डिंग, परमिटशिवाय नाही. परमिटने काम थांबतं का? टाकीत माणूस रोज उतरतो. फक्त उतरवणारा आधी गॅस मीटर लावून बघतो, दोर धरायला वर एक जण उभा करतो, आणि सही करतो. ज्या कारखान्यात परमिटवर सही करणाऱ्याला अपघातानंतर खरंच बोलावलं जातं, तिथे टाक्या बंद पडत नाहीत; तिथे गॅस मीटर चालू असतो. भीतीने माणूस भिंतीआड जातो ते जबाबदारी अस्पष्ट असते तेव्हा. काय केलं म्हणजे आपण सुटू हे ठाऊक नसलेला अधिकारी सगळ्यालाच नाही म्हणतो. काय तपासायचं, कोणाला विचारायचं, कुठवर आपली हद्द, हे लिहिलेलं असेल तर तो हो म्हणू शकतो. लष्करातल्या मंडळींना हे मी सांगावं? लेखी आदेशाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला माहीत!

दुसरा मुद्दा: सुरक्षेची पहिली जबाबदारी यजमान सरकारची, आणि समोरून तोफगोळा आला तर कुठलं धोरण अडवणार? गाझात गाडीवर चिन्ह होतं. चिन्हाने काय झालं? मान्य. इथे माझी कारखान्याची उपमा तोकडी पडते. प्रेस मुद्दाम हात कापत नाही. युद्धातली बाजू मुद्दामही मारू शकते. २०२४ या एका वर्षात जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले, त्यांतले कित्येक असे की त्यांच्या संघटनेने नियम पाळले होते. पण धोरणाचं काम फक्त गोळा अडवणं आहे का? गाडी कोणत्या माहितीवर निघाली, प्रवासाची सूचना कोणाला दिली होती, तिची पोच कोणाकडे आहे, नंतर त्या सरकारचा पाठपुरावा कोण करणार, किती वर्षं करणार, आणि घरच्यांना फोनवर उत्तर देणारा माणूस कोण? १७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये संघटनेचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची हत्या झाली. तेव्हा प्रश्न आला, की संघटना स्वतः एखाद्या देशाकडे भरपाई मागू शकते का. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९४९ मध्ये सांगितलं: हो, मागू शकते. हा अधिकार पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे. २००९ च्या गाझा मोहिमेत झालेल्या नुकसानीपोटी संघटनेने इस्रायलकडून १ कोटी ५ लाख डॉलर वसूलही केले. म्हणजे चौकशी मंडळ नेमून, हिशेब मांडून मागे लागलं की मिळतं. मग मागे लागणं हे कोणाच्या तरी कामाच्या वर्णनात, नावानिशी का नसावं? 'यजमान सरकार जबाबदार' हे वाक्य कायद्याने खरं आहे आणि व्यवहारात पळवाट आहे. कंत्राटदार जबाबदार, असं आमचे मालकही म्हणायचे.

पैशाचा मुद्दाही निघाला: सुरक्षेवरचा खर्च म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातली भाकरी. यावर फार वेळ घालवत नाही. खर्च कमी करायचा तर जरूर करा, पण 'हा खर्च मी कापला' असं लिहून खाली नाव घाला. मग किती कापला जातो ते बघू.

कंत्राटदाराचा विषय निघालाच आहे तर जिथे मला खरा राग येतो तिथे येतो. आंतरराष्ट्रीय संघटनांत दोन जातींची माणसं असतात. जात हा शब्द जपूनच वापरतोय, पण दुसरा सापडत नाही. एक परदेशातून आलेले, दुसरे स्थानिक भरती. मरणाऱ्यांत दुसरेच कायम जास्त. अल्जीअर्सला तेच, गाझात तेच. परिस्थिती बिघडली की पहिल्यांना देशाबाहेर काढायची तरतूद असते. दुसऱ्यांना फार तर देशातल्या देशात हलवायची, बाहेर काढणं अपवादानेच. त्याखाली तिसरा थर भागीदार संस्थांचा. त्यांच्याशी सुरक्षेची माहिती वाटून घ्यायची चौकट आहे, पण त्यांची जबाबदारी तिच्यातून कोणी घेत नाही. धोका असा थरांतून खाली पाझरतो. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या डच बटालियनच्या तळावर एक स्थानिक इलेक्ट्रिशियन काम करत होता. शहर सर्ब फौजांनी घेतल्यावर तळ रिकामा करताना त्यालाही दाराबाहेर जायला सांगितलं. तो मारला गेला. तिथल्या एका दुभाष्याला ओळखपत्र होतं म्हणून थांबता आलं. त्याच्या आईवडिलांना आणि भावाला ते नव्हतं. तेही गेले. डच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इलेक्ट्रिशियन, दुभाष्याचे वडील आणि भाऊ या तिघांच्या मृत्यूंसाठी नेदरलँड्स सरकारला जबाबदार धरलं. अठरा वर्षं लागली. आणि खुद्द संयुक्त राष्ट्रांवर खटला चालला नाही, कारण त्यांना न्यायालयांपासून संरक्षण आहे.

यावर समोरून उत्तर येतं ते गंभीर आहे: एखाद्या देशाच्या नागरिकाला त्याच्याच देशातून बाहेर काढायचा अधिकार संघटनेला कुठला? तसं केलं तर कुठलं सरकार पुन्हा दारात उभं करेल? खरंच अवघड प्रश्न आहे. पण अशक्य आहे का? सप्टेंबर १९९९ मध्ये पूर्व तिमोरमध्ये जनमत चाचणीनंतर हिंसाचार उसळला. तिथली राजधानी दिली इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावरून कर्मचाऱ्यांनी निघावं असं ठरलं, तेव्हा बरेच जण अडून बसले: आवारात आसऱ्याला आलेल्यांना सोडून आम्ही जाणार नाही. स्वेच्छेने मागे राहणाऱ्यांची यादी झाली. शेवटी विमानं आली ती त्या जवळपास १५०० आश्रितांना घेऊन ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला गेली. त्याआधी काही स्थानिक कर्मचारी मारले गेले होते, म्हणून याला मी सुखान्त म्हणत नाही. पण सार्वभौमत्वाची भिंत तेव्हा किती जाड होती ते कळलं, ती ढकलणारं कोणी निघालं म्हणून. आपल्या फॅक्टरी कायद्यात १९७६ पासून 'कामगार' या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेलाही धरला गेला. मशिनला हात लावतो ना? मग तो ऑक्युपायरचा माणूस. ही व्याख्या संघटनांनी उचलली तर पुष्कळ प्रश्न व्याख्येतच सुटतील.

तरुण मंडळींनाही माझा एक विरोध आहे. 'कोणाला तरी शिक्षा' या मागणीचा शेवट नेहमी खालच्या माणसावर होतो, कारण खालचा माणूस लवकर सापडतो. या शहराला हे नव्याने सांगायला नको. (पुण्यात कुठलाही वाद तिसऱ्या वाक्याला पानिपतावर जातो. मी जाणार नाही. पानशेतपाशीच थांबतो.) १२ जुलै १९६१. धरण पुरतं झालेलं नसताना पाणी साठवलं गेलं. जवानांनी वाळूची पोती रचली, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं आणि हजारो माणसं वाचली. आमच्या पिढीने पोत्यांची गोष्ट शंभर वेळा ऐकली. ती ऐकावीच अशी आहे. चौकशी आयोगाचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांनी अहवाल येण्याआधी आत्महत्या केली; मग न्यायमूर्ती नाईकांचा आयोग आला. पण त्या वर्षीच पाणी साठवायचं हे कोणी ठरवलं, हे आज किती पुणेकर सांगू शकतील? पुराची रेषा कुठवर आली होती ते घराघरांत माहीत आहे. निर्णयाची रेषा कुठून निघाली ते नाही. शौर्य लक्षात राहतं, शिक्षा लक्षात राहते, निर्णय विसरला जातो.

आणि प्रशिक्षणाने हे भरून निघतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर उघडून पाहावं. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले, आणि सगळ्या शहरात रजिस्टरं आली. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. मी एकदा मित्राकडे जाताना 'नाना फडणवीस' असं लिहून वेळ टाकली. वॉचमनने पेन परत मागितलं, एवढंच. सुरक्षेचे ऑनलाइन कोर्स बऱ्याच संघटनांत सक्तीचे आहेत. संयुक्त राष्ट्रांचाही बीसेफ नावाचा आहे. चांगला असेल, मी केलेला नाही. पण कोर्स केल्याचं प्रमाणपत्र हे कर्मचाऱ्याने सावध राहावं म्हणून असतं की पुढे 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता यावं म्हणून, हे कसं ओळखायचं? मी एक खूण सांगतो. तेवढ्याच कडकपणे पाठवणाऱ्याचीही परीक्षा होते का, बघा.

न्यायालय मध्ये पडलं तर काय होतं, त्याचंही एक उदाहरण आहे. जून २०१२ मध्ये केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलच्या ताफ्यावर हल्ला झाला. चार कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं, एक चालक मारला गेला. संघटनेचे सर्वोच्च अधिकारी भेटीला आले होते आणि सशस्त्र सोबत घ्यायची नाही असं ठरलं होतं. अपहृतांपैकी स्टीव्ह डेनिस यांनी दावा लावला, आणि २०१५ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने संघटनेला घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी धरून भरपाई द्यायला लावली. तेव्हाही भाकीत झालं होतं, की आता मदत संस्था धोक्याच्या जागी जाणंच सोडतील. संस्था सोडून गेल्या नाहीत. निकालावर चर्चासत्रं झाली, 'ड्यूटी ऑफ केअर', म्हणजे कर्मचाऱ्याची काळजी घ्यायचं कर्तव्य, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला, आणि बऱ्याच ठिकाणी फायली पुन्हा वाचल्या गेल्या. चालकाचा उल्लेख बातम्यांत एका ओळीत येतो.

मग धोरणात काय लिहायचं? प्रत्येक धोक्याच्या मोहिमेला एक भोगवटादार. तो मुख्यालयातला, पैसा आणि निर्णय हातात असलेला. सुरक्षा सल्लागाराने लेखी मागितलेली गोष्ट नाकारली, तर नाकारणाऱ्याने त्याच कागदावर कारण लिहायचं. 'डिस्कस्ड' चालणार नाही. सल्लागाराला ठरावीक बाबतीत काम थांबवायचा अधिकार, आणि त्याचा अहवाल कामाचं टार्गेट पाहणाऱ्या साहेबाकडे न जाता दुसरीकडे जायला हवा. माणूस स्थानिक असो वा परका, भागीदार संस्थेचा असो, ज्याच्या कामासाठी तो रस्त्यावर आहे त्याच्या खात्यावर त्याचा धोका. आणि चौकशी अपघाताचीच नव्हे, थोडक्यात टळलेल्याची सुद्धा. आमच्याकडे त्याला नियर मिस म्हणतात. काडी सापडली त्या दिवशीच चौकशी झाली असती, तर त्या पोराची बोटं आज त्याच्या हाताला असती. हे सगळं बाहेरच्या न्यायालयाशिवाय टिकेल का, याची मला शंका आहे. संरक्षण काढून घ्या असंही मी म्हणत नाही. ते काढलं तर पहिला खटला एखादं हुकूमशाही सरकारच लावेल. पण ज्याला बाहेरचा न्यायाधीश नाही, त्याने आतला कागद दुप्पट स्वच्छ ठेवायला नको?

सभागृहातून बाहेर पडताना जिन्यात व्यासपीठावरचीच एक मुलगी भेटली. पंचविशीची असेल, एका परदेशी संस्थेतर्फे सुदानच्या सीमेवर चालली होती. म्हणाली, "काका, तुम्ही हात वर केला होतात ना? काय विचारणार होतात?" मी सांगितलं. तिने फोन काढून संस्थेने भरून घेतलेला फॉर्म दाखवला. धोक्यांची मला कल्पना आहे, मी स्वेच्छेने जात आहे, वगैरे, साडेतीन पानं. शेवटी सहीची एक जागा, तिथे तिची सही. मी म्हटलं, "आणि तुला पाठवणाऱ्याची?"

"त्यांची कशाला लागते?" असं म्हणून ती हसली, मग जरा थांबली. "विचारून बघते."

आत तंबोरा लागला होता. ती मंगळवारी निघाली. पोचल्याचा मेसेज आलाय. सहीचं विचारलं का, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.